वार, मूठ आणि शाळा : माध्यमिक शिक्षणातील पालकांच्या साहाय्याचा विचार

माध्यमिक शाळांचा इतिहास सामान्यतः संस्थापक, देणगीदार आणि मुख्याध्यापक यांच्या नावांभोवती रचला जातो. पालकांचा उल्लेख वार्षिक अहवालाच्या अखेरीस आभाराच्या एखाद्या वाक्यात येतो आणि तेथेच संपतो. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील हायस्कूल ज्या आधारावर उभे राहिले, त्यात पालकांनी दिलेले धान्य, श्रम आणि निवारा यांचा वाटा लहान नव्हता. या साहाय्याचे स्वरूप कसकसे पालटत गेले आणि त्या पालटाचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग झाले. त्यांपैकी पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातील, शिरपूर हे तालुक्याचे गाव. तालुक्याच्या दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांत पावरा, भिल्ल आदी आदिवासींची वस्ती. अशा तालुक्यात प्राथमिक शाळा गावात असली तरी हायस्कूलसाठी मुलाला घर सोडावे लागणे हे दीर्घकाळ स्वाभाविकच होते. दुसरी गोष्ट कालगणनेची. शाळेचे वर्ष मार्च-एप्रिलमध्ये संपते. त्याच सुमारास रब्बीचा गहू-हरभरा खळ्यावरून घरी येतो आणि पाठोपाठ आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. खानदेशात सालदाराचे साल परंपरेने आखाजीपासून धरले जाते. शाळेचे वर्षाखेर आणि शेतकऱ्याचे वर्षाखेर ही अशी एकमेकांस भिडलेली आहेत. मुलाला पुढील इयत्तेत पाठवावयाचे की कामास लावावयाचे, हा प्रश्न अनेक घरांत निकालाच्या दिवशी निकालपत्रावरून सुटत नसे. तो घरातील धान्यावरून आणि नव्या सालाच्या करारावरून सुटत असे.

शासनाच्या धोरणाने हा भार पालकांवर अधिकच टाकला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानपद्धती आणली. स्थानिक लोकांनी आधी काही उभे करावे आणि सरकारने त्यास साहाय्य द्यावे, हे तिचे तत्त्व होते. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षण शक्यतो खाजगी प्रयत्नांवर सोपवावे, अशी दिशा दाखविली. परिणाम असा झाला की, जेथे धनिक वा सुशिक्षित वर्ग होता तेथे हायस्कुले निघाली आणि जेथे तो नव्हता तेथे निघाली नाहीत. खेड्यातील पालकाजवळ रोख पैसा नव्हता. त्याला जे देता येण्यासारखे होते ते धान्याच्या रूपानेच.

या देण्याची जुनी रीत म्हणजे वार. गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे वार लावून जेवावयाचे. या रीतीने अनेकांचे शिक्षण पार पडले, हे नाकारता येत नाही. तथापि तिला दोन मर्यादा होत्या. एक, वार बहुधा जातीच्या आत लागत. ज्या जातीत शिकलेली व सुस्थित घरे थोडी, तिच्यातील मुलास वारही थोडे. दुसरी, घेणारा आणि देणारा रोज समोरासमोर येत असल्यामुळे उपकाराचे ओझे त्या कोवळ्या वयावर पडत असे.

या दोन्ही मर्यादा ओलांडण्याचा सर्वांत परिणामकारक प्रयत्न खानदेशाबाहेर, सातारा जिल्ह्यात झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस बसत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांसाठी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेने मुष्टिफंडाची रीत अवलंबिली : घरातील स्त्रीने दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळ्या भांड्यात टाकावे आणि ते पुढे वसतिगृहाकडे जावे. १९४० साली याच संस्थेने सातारा येथे महाराजा सयाजीराव मोफत व निवासी हायस्कूल सुरू केले.

वार आणि मूठ यांतील भेद केवळ व्यवस्थेचा नाही. वारात कोणते मूल जेवणार हे देणाऱ्या घरास ठाऊक असे; मुठीत ते ठाऊक नसे. भांड्यात पडलेली ज्वारी कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या मुलाच्या पानात जाईल, हे ती टाकणाऱ्या बाईस कळण्याचा मार्ग नव्हता, आणि ते कळावे अशी अटही नव्हती. स्वतःच्या मुलाइतकेच परक्या मुलाचे शिक्षण आपल्या घराशी निगडित आहे, ही कल्पना येथे प्रथम रोजच्या व्यवहारात उतरली.

खानदेशात या विचाराचे दुसरे अंग शिरपुराहून फार दूर नसलेल्या अमळनेर येथे दिसते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढणे, ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. दूरच्या गावी असलेल्या आईबापांचे काम येथे शिक्षक करीत होता. साताऱ्यास पालक परक्या मुलांचे पालक झाले; अमळनेरास शिक्षक पालक झाला. दोन्हीकडे घर आणि शाळा यांमधील भिंत सारखीच खाली आली.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटली. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना शुल्काची सवलत मिळू लागली, अनुदान वाढले, शाळा गावाजवळ आल्या. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह होय. पण धान्याची गरज संपली तशी परक्या मुलाची आठवण करून देणारी ती रोजची कृतीही संपली. पालकाची दृष्टी हळूहळू आपल्या एका मुलावर आणि त्याच्या वर्षाखेरच्या एका परीक्षेवर स्थिर झाली. याचे विकृत टोक परीक्षाकेंद्राच्या कुंपणाशी दिसू लागले. ज्या नातलगांनी पूर्वी शिदोरी पोचविली असती, त्यांच्यापैकी काही जण कॉपी पोचवू लागले. आणि गैरप्रकार रोखण्यासाठी शासनास १९८२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. माया दोन्हीकडे होती. शिदोरीने दुसऱ्याचे काही जात नव्हते. कॉपीने शेजारच्या बाकावरील मुलाचे श्रम व्यर्थ होत होते.

पुढील कायद्यांनी पालकास अधिकृत स्थान दिले. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली; तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असावयाचे. परंतु या कायद्याची मर्यादा आठव्या इयत्तेपर्यंतच आहे. २०११ च्या महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्याने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघास शुल्काच्या निर्णयात वाटा दिला. एका कायद्यात पालक देखरेख करणारा आहे, दुसऱ्यात शुल्क देणारा. दोन्ही भूमिका आवश्यक आहेत. पण मूठ टाकणारी बाई या दोहोंपैकी कोणत्याच भूमिकेत बसत नाही.

यावरून गतकाळाची आळवणी करावयाची नाही. मुष्टिफंड हा दारिद्र्यातून निघालेला उपाय होता आणि ते दारिद्र्य परत यावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्यामागील तत्त्वास आजही काम आहे. शासनाची मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मिळतात. नववी-दहावीची पुस्तके पालकांनी विकत घ्यावयाची असतात. वर्षाखेरीस वरच्या वर्गाची पुस्तके गोळा करून खालच्या वर्गास देणे, सातपुड्यातील मुलास परीक्षेच्या दिवसांत तालुक्याच्या गावी उतरावयास जागा देणे, केंद्रावर सर्वांसाठी पाण्याची सोय करणे आणि त्याच केंद्रावर कॉपीस कडाडून विरोध करणे, ही कामे कोणत्याही कायद्याने पालकांवर लादलेली नाहीत. ती स्वेच्छेनेच व्हावयाची आहेत. माध्यमिक शाळा ही गावाची आहे की ती केवळ आपापल्या मुलापुरती आहे, याचा निर्णय संस्थेच्या घटनेवरून होत नाही. वर्षाखेरीस पालक कोणाच्या मुलासाठी शाळेत येतात, यावरून होतो.