बर्कलेचीं करपलेलीं पानें

लंडनमधील क्यू येथील उद्यानाच्या संग्रहांत बुरशींचे सुमारें साडेबारा लक्ष वाळविलेले नमुने कागदी पाकिटांत जपून ठेविलेले आहेत. त्यांत बटाट्याचीं कांहीं करपलेलीं पानें आहेत. दिसावयास अगदीं क्षुद्र. परंतु १८४५ पासून आयर्लंडांत जो दुष्काळ पडला, ज्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देशोधडीस लागलीं, त्या काळचीं तीं आहेत.

गोरगरिबांचें एकुलतें अन्न असा बटाटा शेतांतच कां कुजला, याविषयीं तेव्हां मोठा वाद माजला. जॉन लिंडले यासारखा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ दोष पावसाळी हवेस देत होता. झाड अगोदर सडतें व मग त्यावर बुरशी चढते, असें त्याचें म्हणणें. किंग्ज क्लिफ येथें राहणारा पाद्री माइल्स जोसेफ बर्कले यानें उलट पक्ष घेतला. पानें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून, बुरशी हेंच रोगाचें मूळ होय, असें त्यानें १८४६ सालीं प्रसिद्ध केलें. पुष्कळांस तें पटलें नाहीं. पुढें १८६० नंतर जर्मन शास्त्रज्ञ आंतोन डी बारी यानें तें प्रयोगानें सिद्ध केलें. (आजचें शास्त्र या जीवाला खऱ्या बुरशींत गणीत नाहीं, पाकिटें मात्र बुरशींच्याच कपाटांत राहिलीं आहेत.)

बर्कलेनें तीं पानें वाळवून कागदावर चिकटविलीं, शेजारीं रेखाचित्रें काढून ठेविलीं आणि १८७९ सालीं दहा हजारांहून अधिक जातींचा आपला सारा संग्रह क्यूच्या स्वाधीन केला. डी. एन्. ए. हा शब्द त्याच्या कानींहि आलेला नव्हता.

विसाव्या शतकांत या रोगाचा 'यू. एस्.-१' हा प्रकार जगभर आढळे. दुष्काळाचा कर्ता तोच, अशी समजूत रूढ झाली होती. २००१ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दुष्काळाच्या वेळच्या पानांतून डी. एन्. ए. काढला, तेव्हां ती समजूत ढासळली. २०१३ सालीं क्यू व म्यूनिक येथील एकोणिसाव्या शतकांतल्या अकरा नमुन्यांची तपासणी झाली. तींत जो प्रकार आढळला तो 'यू. एस्.-१' चा निकटचा भाऊबंद, परंतु निराळा. वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहास हर्बेरिअम म्हणतात. त्यावरून त्याला 'हर्ब-१' हें नांव मिळालें.

अशा प्रत्येक तपासणींत पानाचा एक लहानसा तुकडा कायमचा खर्ची पडतो. म्हणून संग्रहपालाच्या परवानगीवांचून त्यास कात्री लावतां येत नाहीं.