डोंगरमाथ्यावरील शिरगणती

अमेरिकेच्या पूर्वभागातील पेनसिल्व्हेनिया राज्यातून अ‍ॅपलेशियन पर्वताची किटाटिनी नावाची एक लांबच लांब रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेली आहे. आपल्याकडे भाद्रपदाचे दिवस आले, म्हणजे तिकडे उत्तरेचे थंड वारे सुटू लागतात आणि कॅनडा व न्यू इंग्लंडमधील ससाणे, शिक्रे, घारी व गरुड या रांगेच्या आधाराने दक्षिणेची वाट धरतात. वायव्येचा वारा डोंगराच्या अंगावर आदळून वर उसळतो. त्या उसळत्या वाऱ्यावर पंख पसरून ही पाखरे फारसे श्रम न करता मैलोगणती अंतर कापतात. रांगेवरील एका खडकाळ माथ्यावरून तर ती इतक्या जवळून जातात की, पाहणाऱ्याला कित्येकदा दुर्बिणीचीही गरज पडू नये.

हीच जवळीक त्यांच्या मुळावर आली. १९२९ साली राज्याच्या शिकार खात्याने ‘गॉसहॉक’ जातीच्या बाजाच्या शिरामागे ५ डॉलरचे बक्षीस लावले. मंदीच्या त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. बक्षीस एका जातीवर होते; गोळ्या मात्र सर्वांवरच झडत. मारलेली पाखरे उचलण्याचीही तसदी कोणी घेत नसे. १९३२ साली रिचर्ड पो या तरुणाने ती शेकडो कलेवरे गोळा करून जमिनीवर ओळीने मांडली आणि त्यांची छायाचित्रे घेतली.

ती छायाचित्रे न्यूयॉर्कच्या रोझली एज यांनी पाहिली. १८७७ साली जन्मलेल्या या बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत मुरलेल्या होत्या. पत्रके काढणे आणि भल्याभल्यांना अडचणीचे प्रश्न विचारणे ही विद्या त्या तेथेच शिकल्या असाव्यात. इतर संस्था हालचाल करीत नाहीत असे पाहून १९३४ साली त्यांनी डोंगराची सुमारे १४०० एकर जमीन स्वतःच भाडेपट्ट्याने घेतली आणि मॉरिस ब्राउन या पक्षिवेत्त्याला राखणदार नेमले. रस्त्यावर उभे राहून बंदूकवाल्यांना माघारी धाडण्याचे काम पुढे ब्राउन यांच्या पत्नी इर्मा यांनी पत्करले. शिकार त्याच वर्षी थांबली. ‘हॉक माउंटन’ या नावाने हे अभयारण्य आजही आहे.

त्याच पहिल्या हंगामात ब्राउन यांनी माथ्यावर बसून पाखरांची मोजदाद सुरू केली. हे काम दिसते तितके सोपे नाही. सप्टेंबरच्या मध्यास रुंद पंखांच्या एका जातीचे ससाणे उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत शेकडोंनी घिरट्या घालतात. त्या भोवऱ्यात कोण मोजला आणि कोण राहिला, याचा पत्ता लागत नाही. म्हणून मोजणारा थांबतो. भोवऱ्याच्या टोकाला पोहोचलेली पाखरे एकामागून एक सुटून दक्षिणेकडे सरळ रेषेत घसरू लागली, म्हणजे तो आकडे टिपतो.

ब्राउन केवळ संख्येवर थांबले नाहीत. अमेरिकेच्या राजमुद्रेवरील गरुडाचे डोके आणि शेपूट पांढरेशुभ्र असते. परंतु हा शुभ्रपणा येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोवर पाखरू तपकिरीच राहते. त्यामुळे उडता गरुड प्रौढ की अल्पवयी, हे खालूनही ओळखता येते, आणि ब्राउन तेही लिहून ठेवीत. महायुद्धात ते नौदलात गेल्याने १९४३ ते १९४५ हा खंड सोडला, तर वही अखंड चालू राहिली.

या वहीचे मोल रेचेल कार्सन यांनी ओळखले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात त्यांनी ब्राउन यांचे आकडे दिले आहेत. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के अल्पवयी होते. १९५५ ते १९५९ या काळात ते २० टक्केच उरले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिलू दिसले. प्रौढ गरुड डोळ्यांसमोरून जात होते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काही उणे भासत नव्हते. घरट्यांतून पिले बाहेर पडत नव्हती! कार्सन यांचा संशय डी.डी.टी.वर होता. ग्रंथ निघाला सप्टेंबरात आणि नोव्हेंबरच्या अखेरीस रोझली एज निवर्तल्या.

पिले का होत नाहीत, याचा उलगडा पुढे झाला. १९६७ साली इंग्लंडमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली. डी.डी.टी.चा वापर सर्रास होऊ लागल्यानंतरची, आपण ज्याला बहिरी ससाणा म्हणतो त्याची, कवचे पातळ झालेली आढळली. अशी अंडी उबवणाऱ्या आईच्या भारानेच फुटत. १९७२ साली अमेरिकेने डी.डी.टी.च्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. त्याच वर्षी मेक्सिकोबरोबरच्या करारात दुरुस्ती होऊन शिकारी पक्ष्यांना देशभर कायद्याचे संरक्षण मिळाले. २००७ साली पांढऱ्या डोक्याचा गरुड संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आला.

माथ्यावरील गणती आजही ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते. तपकिरी गरुड दिसला की वहीत त्याची वेगळी नोंद होते.