अलिबागची रेघ आणि माझा चेंजलॉग

अलिबागला गेलात की समुद्रातला कुलाबा किल्ला बघून लगेच मागे फिरू नका. किनाऱ्याजवळच 1904 सालची चुंबकीय वेधशाळा आहे. माझी पीएचडी सॉफ्टवेअरच्या चेंजलॉगवर, म्हणजे कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याच्या नोंदवहीवर. मग तुम्ही म्हणाल, वेधशाळेशी याचा काय संबंध?

हल्ली चेंजलॉग बहुतेकदा स्क्रिप्टच काढते, गिटमधल्या कमिट संदेशांवरून. त्यात चूक दिसली की कोणीतरी ती फाइलमध्ये हाताने सुधारतं, आणि पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली की दुरुस्ती गायब! माझं स्वतःचं हे दोनदा झालंय.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय मोजमापं 1841 पासून सुरू झाली. सुरुवातीला माणूस डोळ्याने वाचून आकडा लिहायचा. पुढे छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप रेघ उमटायला लागली. पण गंमत बघा, ती रेघ फक्त ‘किती बदललं’ एवढंच सांगते. कशापासून बदललं, ते नाही. त्यासाठी माणसाला वेगळ्या उपकरणाने क्षेत्राचं प्रत्यक्ष मूल्य मोजावं लागतं. त्यावरून बेसलाइन ठरते आणि ती रेघेत मिळवली की खरा आकडा निघतो. मूळ रेघ तशीच राहते.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात काम अलिबागला हलवलं. इमारतीला पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं: 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली. दोन जागांमधला फरक कळल्याशिवाय जुनी मालिका नवीला जोडणार कशी? सॉफ्टवेअरवाले साधं रिपॉझिटरी हलवताना एवढा धीर धरत नाहीत, असो.

आज अलिबाग इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात आहे. तिथे कच्च्या, सुधारलेल्या आणि अंतिम नोंदी वेगवेगळ्या प्रकारांत ठेवतात.

याने काय फरक पडतो? 2 सप्टेंबर 1859 च्या सौरवादळात कुलाब्याला क्षैतिज क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरलं. तासाची सरासरी धरली तर वादळ जवळपास निम्मं, 850 च्या आसपास दिसतं. हा वाद आज घालता येतो, कारण तेव्हाची सुटी वाचनं छापून ठेवली होती. फक्त सरासऱ्या उरल्या असत्या तर?

माझ्या प्रकल्पात आता दुरुस्त्यांची वेगळी फाइल आहे: कुठली कमिट, चूक काय, बरोबर काय, कोणी बदललं. स्क्रिप्ट आधी चेंजलॉग काढते, मग त्यावर ही फाइल लावते. तिचं नाव मी ‘बेसलाइन’ ठेवलंय. गाइडना अजून कारण सांगितलेलं नाही.