तात, टाका आणि त्वचा

मिरज म्हटले की तंबोरे आठवतात, तसे दवाखानेही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचे रुग्णालय उघडले, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निधन होईपर्यंत इथलेच होऊन राहिले. सूर आणि शस्त्रक्रिया यांना जोडणारा एक धागा मला दिसतो. सारंगीची तात जनावराच्या आतड्याची, आणि शल्यविशारदांचा जुना ‘कॅटगट’ही आतड्याचाच. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोव्याच्या अल्-जहरावींनी पोटातल्या टाक्यांसाठी असा धागा वापरला. जखम सांधेपर्यंत तो धरून ठेवतो, मग शरीरात विरून जातो. कारण तो कोलॅजनचा, म्हणजे आपल्याच कातडीत असणाऱ्या प्रथिनाचा.

याच प्रथिनाचे हायड्रोजेलही होते. साताऱ्यात काय, सांगलीत काय, सरबतातला सब्जा आठवा. त्याच्याभोवतीचा पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत थर म्हणजे निसर्गाचे हायड्रोजेलच. १९७९ साली अमेरिकेत यूजीन बेल यांनी कोलॅजनच्या जेलमध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी ठेवल्या. पेशींनी ते आवळून घट्ट केले. या वाटेने तयार झालेली त्वचा १९९८ साली तिथे पायाच्या चिघळणाऱ्या जखमांसाठी मंजूर झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातल्या प्रथिनावरही काम झाले आहे.

जेल गाईचे, डुकराचे, कोळंबीच्या कवचाचे, समुद्रशेवाळाचे की रेशमाचे? माणदेशातून उपचाराला आलेल्या मधुमेही माणसाला हे त्याच्या भाषेत आधी सांगायला हवे. शरीर स्वीकारील, पण मनालाही विचारले पाहिजे.