पाव : एक शब्द, अनेक घराणी

शब्दांच्या इतिहासाबद्दल आपण बोलतो आहोत, तर आज एक अगदी लहान शब्द घेऊ. पाव.

हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो बघा. भाजीवाल्याकडे पाव किलो मिरची मागतो. बेकरीत पावाची लादी मागतो. आणि संकट आलं की हात जोडून म्हणतो, ‘देवा, आता तरी पाव.’ उच्चार एकच, लिहायचंही एकसारखंच. साहजिकच प्रश्न येतो, की हे तिन्ही एकाच मुळाचे का? नाहीत. ही तीन वेगवेगळी घराणी आहेत.

पहिलं घराणं संस्कृत ‘पाद’चं. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. त्यातून आपला ‘पाव’ आला, चार आण्यांची ‘पावली’ आली. एवढंच नाही, ‘सव्वा’ म्हणजे ‘सपाद’, पावासकट. ‘पाऊण’ म्हणजे ‘पादोन’, पाव कमी. म्हणजे पावणेआठ वाजले असं म्हणताना आपण घड्याळात एक पाय मोजत असतो! ‘पाय’ आणि हा ‘पाव’ सख्खे भाऊच म्हणायचे.

दुसरं घराणं ‘प्राप्’ या धातूचं. प्राकृतात त्याचं ‘पावइ’ झालं आणि मराठीत ‘पावणे’. नवसाला पावणारा गणपती या घराण्यातला. पैसे पोचले म्हणून हातात येते ती ‘पावती’ही यातलीच.

तिसरा पाव बेकरीतला. हा समुद्रावरून आला. पोर्तुगीज लोक त्याला साधारण ‘पांउ’ म्हणतात, शेवट नाकातून. त्याच्या मागे लॅटिन ‘पानिस’. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतलं, १५३४मध्ये वसई त्यांच्याकडे आली, आणि त्यांच्या खाण्याबरोबर शब्दही आला. गोव्यात यीस्टऐवजी माडाची सूर घालून पीठ फुगवायचे. पाव भाजणाऱ्याला कोंकणीत ‘पोदेर’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द. कोंकणीनं नाकातला उच्चार ठेवला, मराठीनं सोडला. ‘गांव’चं ‘गाव’ आणि ‘नांव’चं ‘नाव’ आपण जसं केलं, तसंच.

आता हाच शब्द दुसऱ्या जहाजांतून कुठे गेला ते पाहू. पोर्तुगीज १५४३मध्ये जपानला पोचले. जपानी माणूस आजही पावाला ‘पान’ म्हणतो. जपानीतून तो कोरियात गेला, तिथे झाला ‘प्पांग’. श्रीलंकेत सिंहलीतही तो ‘पान’च आहे. आपल्याकडे बंगाल्यांनी त्याला आपली रोटी जोडून ‘पाउरुटी’ केलं. आणि आपलं मराठी ‘पान’? ते ‘पर्ण’पासून आलं. जपानी पानाशी त्याचा काही संबंध नाही.

इथे एक परीक्षा घेऊ. दक्षिण चीनमध्ये, मलेशियात, सिंगापुरात वाफवलेला, सारण भरलेला एक गोळा मिळतो. त्याला म्हणतात ‘पाऊ’. पिठाचा, फुगलेला, मऊ. आवाज जुळला, अर्थही जुळला. मग हाही पोर्तुगीजांनीच दिला असणार, नाही का? नाही. चिनी शब्दाचा मूळ अर्थ ‘गुंडाळणे’. सोंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, ‘पाओत्झं’ हे नाव चीनमध्ये चालत होतं. पोर्तुगीज तिथे पोचले १५१३मध्ये. म्हणजे त्यांनी तो शब्द दिलेला नाही. आणि त्यांनी तो चीनमधून नेलेलाही नाही, कारण लॅटिन ‘पानिस’ त्याहून कितीतरी जुना. आवाज आणि अर्थ दोन्ही जुळूनसुद्धा हा निव्वळ योगायोग आहे.

हे आपण मुद्दाम सांगतो आहोत. दोन शब्द सारखे दिसले की ‘बघा, हा आमचाच!’ म्हणायची घाई आपल्याला फार होते. शब्दाचं नातं सांगायचं तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. तो कोणत्या वाटेनं आला, कधी आला, आणि वाटेत त्याचा उच्चार नियमाला धरून बदलला का. तिन्ही नसतील तर ती नुसती गंमत.

पण काही वेळा ही गंमत गमतीपुरती राहत नाही. ‘पायानं मळतात म्हणून पाव’ ही व्युत्पत्ती आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. ती चुकीची आहे, ते आता दिसलंच. पण ती टिकली का? कारण त्या शब्दाबरोबर किळस आणि बाटण्याची भीती आली होती. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटला, अशा कथा कोकणपट्टीत आजही सांगतात. पाव म्हणजे परधर्मीयाच्या हातचं अन्न. ते खाल्लं की जात गेली. पायाची व्युत्पत्ती त्या समजुतीला सोयीची होती.

या समजुतीला मुंबईत काही तरुणांनी आव्हान दिलं. १८४९मध्ये परमहंस सभा सुरू झाली. सभेचं काम गुप्त चाले. सभासद होताना जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा करायची, आणि ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा. आज वडापाव खाताना आपल्याला हे विचित्र वाटेल. पण त्या घासापायी घर, नातीगोती, मुलांची लग्नं, सगळंच पणाला लागत होतं. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. या सभेच्या संस्थापकांत होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचं मराठी व्याकरण १८३६मध्ये छापून आलं. मराठी शब्दांना नियम शोधणारा माणूस आणि पावाच्या तुकड्यानं समाजाचा नियम मोडणारा माणूस, एकच.

शेवटी ‘पानिस’कडे पुन्हा एकदा जाऊ. लॅटिनमध्ये ‘कोम’ म्हणजे सोबत. ज्याच्यासोबत पाव खायचा तो ‘कोम्पानियो’, सोबती. त्यातून फ्रेंच, मग इंग्रजी, आणि तिथून आपल्याकडे आलेला शब्द ‘कंपनी’. ज्या कंपनी सरकारच्या राज्यात परमहंस मंडळी लपून पाव खात होती, त्या कंपनीच्या नावातही पावच होता. मूळ अर्थानं पाहिलं तर कंपनी म्हणजे रोटीव्यवहार असलेली माणसं. व्यापार करणाऱ्यांनी ते नाव घेतलं. पण त्या अर्थाला जागली ती त्या खोलीत एकत्र बसून पाव मोडणारी माणसं, असं आम्हाला वाटतं.

तेव्हा उद्या बेकरीत लादी मागताना एवढं आठवा. पाव किलोतला पाव आपला, लादीतला परका. पण हा परकाही आता चारशेहून अधिक वर्षं आपल्यात राहतो आहे. त्याला घरचा म्हणायला खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही.