तालीम आणि शिक्षक : अमरावतीच्या वैद्य बंधूंचे कार्य

मराठीत 'तालीम' म्हणजे मल्लांची व्यायामशाळा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र 'शिक्षण' असा आहे. फारसी 'उस्ताद' आपल्याकडे 'वस्ताद' झाला व बहुधा आखाड्यापुरता उरला. अर्थसंकोचाची ही दोन ठळक उदाहरणे होत. वऱ्हाडात 'तालीम' या शब्दामागील मूळ कल्पना पुन्हा व्यवहारात आणण्याचे श्रेय अंबादासपंत वैद्य व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंकडे जाते.

जुना वस्ताद हा प्रथम खेळाडू असे. अंगातील जोर ओसरला की तो हौद्याच्या कडेला बसून पठ्ठे तयार करी. डाव पाहून आणि अंगावर घेऊन शिकावयाचा, हीच त्याची पद्धती. ती सखोल होती. परंतु ज्याला योग्य शिष्य लाभला नाही, त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपे. इंग्रजी शाळा-कॉलेजांतून आलेल्या क्रिकेट, फुटबॉल या खेळांना छापील नियमांचा आधार होता. आखाड्याच्या विद्येला तो क्वचितच मिळाला.

वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस सुरू केलेली संस्था पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून ख्याती पावली. तिच्या उन्हाळी वर्गांतून खेळाडूबरोबरच व्यायामशिक्षक घडू लागला, ही तिची खरी कामगिरी होय. एका पठ्ठ्यास खुणेने शिकविता येते. शंभर मुलांस शिकवावयाचे तर क्रम ठरवावा लागतो, प्रत्येक हालचालीस नाव द्यावे लागते, आज्ञा बांधावी लागते. बडोद्यास प्रा. माणिकरावांनी सांघिक कवायतीसाठी देशी आज्ञा रूढ केल्या, त्यांमागेही हीच निकड होती.

1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी व इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पुढे 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले. तथापि प्रात्यक्षिक पाहणाऱ्याच्या स्मरणात खेळाडू राहतो, त्याला घडविणारा राहत नाही.

खेळाडूची कामगिरी आकड्यांत नोंदली जाते. शिक्षकाची शिष्यांच्या अंगात आणि त्याने वापरलेल्या शब्दांत उरते. म्हणून दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या भागांतील जुन्या वस्तादांच्या तोंडची डावांची नावे, आज्ञा व वाक्प्रचार यांचा संग्रह होणे अगत्याचे आहे. बोलणारा गेल्यावर ते शब्द कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत.