बयान्याचा सुवर्णनिधी आणि अळतेकरांची साक्षेपी दृष्टी

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या मार्गावर सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. रत्ने आणि दागिने घडविणाऱ्या तेथील कारखान्यांत रोज सोने वितळते. सोनाराच्या मुशीत गेलेल्या सोन्याचे वजन कायम राहते. मात्र त्यावर काही कोरलेले असेल, तर ते कायमचे पुसले जाते. याच राजस्थानात, जयपूरच्या पूर्वेस भरतपूर जिल्ह्यातील बयाना परिसरात 1946 साली जे घडले, त्यावरून या पुसले जाण्याचा अर्थ नीट उमगतो.

त्या वेळी भरतपूर हे संस्थान होते. 17 फेब्रुवारी 1946 रोजी बयान्याजवळच्या हुल्लनपुरा गावाच्या शिवारात शिकारीनंतर रिकामी काडतुसे वेचणाऱ्या मुलांना मातीत पुरलेला तांब्याचा हंडा दिसला. तो गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांनी भरलेला होता. गावात नाण्यांची वाटणी झाली आणि सुमारे 285 नाणी वितळविली गेली. संस्थानच्या अधिकाऱ्यांना वार्ता कळल्यावर उरलेली 1821 नाणी हस्तगत झाली. गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा एवढा मोठा निधी त्यापूर्वी कोठेही सापडला नव्हता.

या नाण्यांच्या अभ्यासाचे काम एका मराठी पंडिताने पार पाडले. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांचा जन्म 1898 साली कोल्हापूरजवळील म्हाकवे येथे झाला. बनारस आणि पाटणा येथील विद्यापीठांत त्यांनी प्राचीन भारतीय इतिहासाचे अध्यापन केले. बयाना निधीची त्यांनी सिद्ध केलेली सविस्तर सूची 1954 साली प्रसिद्ध झाली.

त्या सूचीतील आकडे बोलके आहेत. पहिल्या चंद्रगुप्ताची 10, समुद्रगुप्ताची 183, काच या नावाची 16, दुसऱ्या चंद्रगुप्ताची 983 आणि पहिल्या कुमारगुप्ताची 628 नाणी त्यात होती. उरलेले एकच नाणे ‘क्रमादित्य’ या बिरुदाचे होते आणि अळतेकरांनी ते स्कंदगुप्ताचे मानले.

निधी केव्हा पुरला गेला, हे ठरविताना अभ्यासक त्यातील सर्वांत उशिराचे नाणे पाहतात, कारण त्याच्या आधी हंडा मातीत जाणे शक्य नसते. अळतेकरांचे मत ग्राह्य धरले, तर हा निधी स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीच्या प्रारंभी, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्यास पुरला गेला. तो हूणांच्या आक्रमणाचा काळ. भितरीच्या स्तंभलेखात स्कंदगुप्ताच्या हूणांशी झालेल्या युद्धाचा उल्लेख आहे. संकटाच्या धास्तीने कुणी आपले धन जमिनीत दडविले आणि ते पुन्हा काढण्यास परतले नाही, असा तर्क त्यावरून करता येतो. या साऱ्या तर्काला आधार एकाच नाण्याचा. ते मुशीत गेले असते, तर उरलेल्या 1820 नाण्यांवरून हा निष्कर्ष निघाला नसता.

इतर नाण्यांनीही इतिहासात भर घातली. वीणा वाजविणारा समुद्रगुप्त आणि गेंड्याची शिकार करणारा कुमारगुप्त यांची चित्रे त्यांवर आहेत. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे दुर्मीळ नाणे याच निधीतून प्रकाशात आले. वितळलेल्या नाण्यांत आणखी कोणते प्रकार होते, हे मात्र आता कोणालाही सांगता येणार नाही.

या निधीचा मोठा भाग आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भूमीत सापडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तरीही नांगराच्या फाळाला लागलेले प्रत्येक नाणे कायद्याच्या नजरेस पडतेच असे नाही. ते प्रथम पडते शेतकऱ्याच्या, मजुराच्या अथवा खेळणाऱ्या मुलाच्या हाती. त्या हाताला नाण्याचे वजन तेवढे कळले, तर त्याची वाट मुशीकडे जाते. त्यावरची अक्षरे वाचण्याचे कुतूहल जागे झाले, तर ते संग्रहालयात पोहोचते. बयान्याचा हंडाही प्रथम मुलांनाच दिसला होता. इतिहासाच्या शिक्षणाचे प्रयोजन याहून अधिक स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज नाही.